चित्त्याशी बोलायची नोकरी

दिवसभर चित्त्याशी बोलत बसायची नोकरी होती आणि तिला सरकारातून पगार मिळायचा, असं मी सांगतो तेव्हा नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात शिकारीचे चित्ते होते आणि आमच्या घरातले सगळे पुरुष त्यांच्या चाकरीत होते. अब्बा चित्तेखान्याचे जमादार. चाचा, चुलतभाऊ, मी, सगळ्यांच्या अंगाला तोच वास. आम्ही रस्त्यानं निघालो की कुत्री लांबूनच वाट सोडायची, आणि त्याचा मला त्या वयात फार तोरा होता.

घरात आम्ही हिंदुस्थानी आणि मराठीची मिसळ बोलायचो. इथं मात्र सगळं मराठीतच लिहितो. ही भाषा मास्तरांनी छडीनं शिकवली असल्यामुळे ती विसरायची सोय नाही.

चित्ता म्हणजे वाघ नव्हे. अंगानं सडपातळ, धावायला वाऱ्यासारखा आणि स्वभावानं भित्रा. नवा चित्ता आगबोटीनं परमुलखातून यायचा. आला की खायचा नाही, प्यायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्यावर आमचा पिढीजात इलाज ठरलेला होता. त्याला दोन दोरांनी बाजेवर बांधायचं, डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवायची आणि ती बाज उचलून भर रस्त्याच्या कडेला वडाखाली नेऊन ठेवायची. बाजेवर त्याच्या शेजारी एक माणूस बसवायचा. त्या माणसानं सकाळपासून दिवे लागेपर्यंत बोलत राहायचं. काय बोलायचं ह्याला बंधन नाही. आवाज थांबता कामा नये, एवढंच. हळूहळू जनावराला त्या आवाजाची सवय व्हायची, मग ते त्या आवाजाच्या हातून खायचं, आणि पाच-सहा महिन्यांत शिकारीला तयार व्हायचं.

ह्यात एक नियम फार कडक होता. बोलणाऱ्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. शेजारच्या बाजेवर दुसरा चित्ता आणि दुसरा माणूस असला तरी त्यानं तोंड बंद ठेवायचं. अब्बा म्हणायचे, "दोन आवाज मिसळलं की जनावर बावचळतंय. त्याला एकच माणूस वळखू द्या."

जनावराला एकटं ठेवलं तर ते झुरून मरतं, हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. माणसाचंही तसं होत असेल, हे मात्र कुणी कधी बोललं नाही. मी एकदा बोललो होतो, आणि त्याची चांगली अद्दल घडली होती.

तेव्हा मी सोळा वर्षांचा असेन. घरात एकोणीस माणसं. जेवायला बसलो की माझा गुडघा कुणाच्या तरी ताटाला लागायचा. आणि तरी मला आतून रिकामं रिकामं वाटायचं. का वाटायचं, ते आजही सांगता येणार नाही. एके सकाळी अम्मा भाकरी थापत होती आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "अम्मा, मला फार एकटं वाटतं."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, आणि मग तिनं जे रडायला सुरुवात केली ती दोन दिवस. आपलंच काहीतरी चुकलं, पोराला आपण कमी पडलो, असं तिनं घेतलं. चाचीनं ठरवलं की मी भरदुपारी चिंचेखालून गेलो असणार. तिनं दर्ग्यातून तावीज आणून दंडाला बांधला. शेजारीण साखर मागायच्या निमित्तानं येऊन घरात भांडणं लागलीत का ते विचारून गेली. अब्बांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "तरण्याताठ्या गड्याला एकटं वाटाय काय झालं? एवढी माणसं काय मेल्यात व्हय?"

ह्या सगळ्यावर कळस माझ्या चुलतभावानं चढवला. तो माझ्याहून वर्षानं मोठा आणि घरातला पहिल्या नंबरचा टवाळ. त्यानं डोक्यावरून टॉवेल पदरासारखा घेतला, मुसमुसून रडायचं सोंग केलं आणि माझं नाव ठेवलं सासुरवाशीण. वर्षभर चित्तेखान्यात मला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. काय करणार?

तेव्हापासून मी शहाणा झालो. फारच जड झालं की चित्त्यांच्या घोंगड्या उचलायच्या आणि धुवायला म्हणून कळंब्याच्या तळ्यावर जायचं. तिथं बसायचं. कुणी ओळखीचं दिसलं की धुतलेली घोंगडी पुन्हा पाण्यात बुडवायची. आमच्या घोंगड्या अख्ख्या संस्थानात स्वच्छ होत्या.

मी एकोणीस वर्षांचा असताना माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा आमच्याकडे राहायला आला. राधानगरीच्याही पलीकडचं गाव, सहा महिने पाऊस, आणि गावात मुसलमानाचं घर हे एकच. त्याचे वडील, म्हणजे माझे खालू, गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. खाला वारली होती. खालूंनी अब्बांना निरोप धाडला की पोराला सरकारी चाकरीत चिकटवा. तो माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, आणि बोलणं सगळं गावाकडचं. अम्मा-अब्बांना तो खाला-खालू म्हणायचा, पण आमची मिसळ त्याला कळायची नाही. जेवताना हास्यविनोद झाला की तो दोन क्षण उशिरा हसायचा.

त्याचा आवाज मात्र खर्जातला आणि संथ होता. त्याच महिन्यात एक नवा चित्ता आला होता, सात दिवसांचा उपाशी. अब्बांनी भाच्याचा आवाज ऐकला आणि त्याला त्या चित्त्याच्या बाजेवर बसवलं. शेजारच्या बाजेवर मी, माझ्या म्हाताऱ्या चित्त्याला घेऊन. माझा चित्ता इतका सरावलेला होता की त्याला माझ्या बोलण्याची गरज नव्हती. मी बसल्या बसल्या चित्त्यांच्या टोप्या शिवायचो. आमच्या दोघांत अंतर दहा हातांचं.

पहिल्या दिवशी तो लाजला. भर रस्ता, बाजाराला जाणारी माणसं, आणि त्यात जनावराशी काय बोलायचं? "खा बाबा, खा," एवढंच तो शंभरदा म्हणाला. चित्त्यानं मांसाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला सूर सापडला. तो आपल्या गावाबद्दल बोलायला लागला.

"आमच्याकडं आत्ता रोपं लावायची घाई असंल. गुडघाभर चिखूल. माझी म्हस व्यायला आल्ती, मी निघालो तवा माझ्याकडं बघतबी न्हवती. तिला कळलं हुतं की, मी चाललोय ते."

त्या दिवशी चित्त्यानं त्याच्या हातून पहिला घास घेतला. अब्बा खूश झाले. म्हणाले, "गडी कामाचा हाय."

मग बोलणं वाढत गेलं आणि खोल जात गेलं. एक दिवस, मी टोपीला दोरा ओढत असताना, तो चित्त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच संथ आवाजात म्हणाला, "मला हितं करमंना बघ. एवढी माणसं हायत, पर माझं कोण न्हाय. कुणाला सांगू? खालाला सांगितलं तर म्हणंल, काय कमी केलं तुला?"

माझी सुई थांबली. पण रस्त्यावर उभी असलेली माणसं हळहळली. त्यांना वाटलं, हा चित्त्याच्या मनातलं बोलून दाखवतोय. "खरंच की वो पावणं," एक भाजीवाली म्हणाली, "आपला मुलूख सोडून आलंय बिचारं. त्याला कसं करमंल?" दुसऱ्या दिवशी तिनं माणसं बोलावून आणली. बघता बघता वडाखाली गर्दी व्हायला लागली. जनावराच्या पोटात शिरून बोलणारा माणूस अशी त्याची कीर्ती झाली. बायका पदरानं डोळे टिपायच्या आणि चित्त्याकडे बघून च्‌ च्‌ करायच्या. तो बोलत राहायचा. "सकाळी उठावंसं वाटत न्हाय. रातच्याला समदी एका वळीत झोपत्यात, आन् मी मधी पडून आढं मोजतोय."

चित्त्याला कुठलं आढं? म्हैस कुठली? एवढा साधा विचार त्या गर्दीत एकाच्याही मनात आला नाही. सगळी कणव टोपी घातलेल्या जनावराला गेली, आणि बोलणाऱ्याच्या वाट्याला शाबासकी आली.

मला मात्र पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी ते सगळं शब्दन्‌शब्द ओळखत होतो, कारण तेच मी कळंब्याच्या पाण्याकडे बघत मनात म्हणत आलो होतो. दहा हातांवर माझ्यासारखा दुसरा माणूस बसलाय, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मी "मलाबी" म्हटलं असतं तर पुन्हा सासुरवाशीण झालो असतो, आणि ह्या खेपेला दोन सासुरवाशिणी. चुलतभावाला तर सणच झाला असता. शिवाय नियम होताच हाताशी, बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. मी त्या नियमाच्या आड लपलो. तो करमण्याबिरमण्याचं बोलायला लागला की मी मान खाली घालायचो आणि टोपी शिवायला घ्यायचो. शिवायची टोपी नसली तर जुनी उसवून पुन्हा शिवायचो.

त्यानं कधी माझ्याकडे बघितलं नाही. पण तो बोलताना जरा माझ्या बाजूला वळून बसायचा, हे मी पाहिलं होतं.

सहाव्या महिन्यात त्याच्या चित्त्यानं पहिला काळवीट धरला. मैदानात वाहवा झाली. अब्बांनी भाच्याच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. अम्मानं गोड केलं. जेवणं झाल्यावर अब्बा त्याला म्हणाले, "आता बडबड पुरं. जनावर तयार झालं. सारखं बोललं तर शिकारी चित्ता मऊ पडतोय. उद्यापासनं गप बसायचं."

तो म्हणाला, "बरं खालू."

त्या घरातली त्याची बोलायची एकमेव जागा त्या दिवशी गेली. हे मला तिथल्या तिथं समजलं, आणि मी खीर संपवली.

दोन दिवसांनी मी घोंगड्या घेऊन कळंब्याला निघालो तर तो न बोलावता मागोमाग आला. आम्ही तळ्याच्या काठाला घोंगड्या आपटल्या. उन्हं वर आली होती. पलीकडे तुरुंगाच्या बाजूला चिटपाखरूही नव्हतं. घोंगडी पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पिळता पिळता तो म्हणाला, "गड्या, तू ऐकत हुतास न्हवं?"

"काय?"

"मी बोलायचो ते."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. अवघे दोन शब्द बोलायचे होते. तिथं चुलतभाऊ नव्हता, अब्बा नव्हते, चित्ता नव्हता, नियमही नव्हता. पण तीन वर्षं तोंडाला घातलेलं कुलूप असं एकदम निघत नाही. मी म्हणालो, "मी कशाला ऐकतोय? माझं ध्यान माझ्या जनावराकडं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. बरोबर हाय." आणि त्यानं आपल्या हातातलं टोक घट्ट पिळलं. पाणी आमच्या दोघांच्या पायांवर पडलं. घरी येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो.

त्यानंतर तो जेवणावरून उठायला लागला. कामात चूक नव्हती, चित्त्याला वेळेवर खायला घालायचा, पण स्वतः अर्धी भाकरी टाकायचा. अम्मानं त्याच्या ताटात जास्त तूप वाढायला सुरुवात केली. चाचीनं चिंचेचा शोध लावला आणि माझा आणला होता त्याच दर्ग्यातला तावीज त्याच्या दंडाला बांधला. चुलतभाऊ म्हणाला, "ह्याला चित्त्याची याद येतीया, दोघांचं लगीन लावून द्या." सगळे हसले. तोही हसला, दोन क्षण उशिरा. मीही हसलो. हे लिहिताना आज माझे कान गरम होतात, पण मी हसलो होतो.

रोपं लावायच्या दिवसांत त्यानं गावी जायची रजा मागितली. अब्बांनी दिली. तो सकाळी निघाला तेव्हा मी चित्त्यांना पाणी पाजत होतो. त्यानं आपल्या चित्त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. काही बोलला नाही, नियम पाळला. मला म्हणाला, "जातो." मी म्हणालो, "ये लवकर."

महिन्यानं खालू आमच्या दारात उभे राहिले, खांद्यावर कल्हईचा भाता. पोराला न्यायला आले होते, लग्नाचं बघायचं म्हणून. "तो तुमच्याकडंच गेलाय की," अब्बा म्हणाले. खालू म्हणाले, "माझ्याकडं कुठं आलाय?"

अब्बांनी फेटा चढवला आणि मला हाक मारली.

आम्ही शोधलं. राधानगरीला धरणाचं काम चाललं होतं, तिथल्या मजुरांत बघितलं. स्टेशनवर विचारलं. कुणी म्हणालं, त्याच्यासारखा एक गडी मिरजेच्या गाडीत बसला. कुणी म्हणालं, पलटणीत भरती झाला असेल. कुणी नदीचं नाव काढलं, आणि खालूंनी कानांवर हात ठेवले. अम्मा सारखी एकच म्हणायची, "मी त्याला काय कमी केलं?" खालू तिची समजूत काढायचे, "तू कशाला कमी करशील? एकोणीस माणसांचं भरलं घर. त्याला काय व्हत हुतं तेच समजंना." असं म्हणून ते एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. माझ्याकडेही बघायचे.

त्याला काय होत होतं ते मला पाठ होतं. सहा महिन्यांचा शब्दन्‌शब्द. मी खालूंना एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं तर विचारतील, तुला कळत होतं तर तू काय केलंस? टोप्या शिवल्या, असं कसं सांगू? तिसऱ्या दिवशी ते भाता खांद्याला लावून पावसात परत गेले. नंतर दर वर्षी यायचे, चौकशी करून जायचे. एका वर्षी ते आले नाहीत.

खालू पहिल्यांदा येऊन गेले त्या दिवसांत त्याच्या चित्त्यानं खाणं सोडलं होतं. पुन्हा भिंतीकडे तोंड. अब्बांनी दोन-तीन माणसं बसवून पाहिली, जनावर ढिम्म. शेवटी ते मला म्हणाले, "तू बस. तुमी एका रक्ताचं, तुझा आवाज त्याच्याजवळ जातोय." माझा म्हातारा चित्ता चुलतभावाकडे दिला आणि त्याची बाज दहा हातांवर, माझ्या जुन्या जागी लागली.

मी वडाखाली बसलो. गर्दी लगेच जमली, ती भाजीवालीही आली. काय बोलावं सुचेना. शेवटी त्याचंच बोलणं तोंडात आलं, त्याच संथ सुरात. "मला हितं करमंना बघ. एवढी माणसं हायत, पर माझं कोण न्हाय."

चित्त्यानं मान उचलली. टोपीआडून तो आवाजाचा माग काढत राहिला. भाजीवाली म्हणाली, "बिचारं. आपल्या माणसासाठी झुरतंय." बायांनी पदर डोळ्यांना लावले.

मला ते सहन होईना. चार वर्षांत बोललो नव्हतो, तळ्यावर बोललो नव्हतो, खालूंसमोर बोललो नव्हतो, ते सगळं एकदम वर आलं. मी बाजेवरून उठलो आणि त्या गर्दीला ओरडून सांगितलं, "चित्त्याला न्हवं वो! मला. मलाच करमत न्हाय. लई वर्सं झाली. आन् त्यालाबी करमत न्हवतं, तो त्याचंच सांगत हुता. ऐकतायसा काय?"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा रं वा! ह्यो तर त्याच्या वरचा निघाला!" आणि हशा पिकला, टाळ्या पडल्या. भाजीवालीनं चित्त्याकडे बघून पुन्हा च्‌ च्‌ केलं.

मी खाली बसलो. आता सासुरवाशीण म्हणून पहिली हाक कुठून येणार ते मला माहीत होतं, म्हणून मी दहा हातांवरच्या बाजेकडे बघितलं. तिथून हसू आलं नाही. चुलतभावानं मान खाली घातली होती आणि तो टोपी शिवायला लागला होता. ती टोपी मी आदल्या दिवशीच शिवून पुरी केली होती.